शतांश मिलिमीटरची मोकळीक



मोकळीक हा मराठीतला सुखद शब्द आहे. घरात मोकळीक असावी, मुलांना मोकळीक द्यावी, असे सहज म्हटले जाते. किती द्यावी याचे माप मात्र कोणी सांगत नाही. यंत्रशास्त्रात या शब्दाला माप आहे. एकमेकांजवळून सरकणाऱ्या वा फिरणाऱ्या दोन भागांमध्ये हेतुपुरस्सर सोडलेली जागा म्हणजे मोकळीक. कारखान्यात तिला ‘क्लिअरन्स’ म्हणतात, गॅरेजमध्ये ‘गॅप’ किंवा ‘प्ले’. मोटारीच्या इंजिनात ही जागा मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते. ती कमी पडली तर इंजिन जाम होते, जास्त झाली तर ते खडखडते, तेल खाते आणि तेलाचा दाब गमावते. दोन्ही प्रकारांत चूक कळते ती इंजिन चालू झाल्यावर, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर. म्हणून मोटारीचे इंजिन घरी बांधू पाहणाऱ्याचे खरे काम पान्याने नट आवळण्याचे कमी आणि या न दिसणाऱ्या जागा मोजण्याचे अधिक असते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हा विषय शाळेच्या हीरक महोत्सवात कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मराठी शाळांतून शिकलेली कितीतरी मुले आज बंगळूरला स्थायिक आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा, व्हाइटफील्ड, मराठहळ्ळी या पट्ट्यात राहतात. महादेवपुरा २००७ मध्ये बंगळूर महानगरपालिकेत सामील झाले. त्याआधी तेथे स्वतंत्र नगरपालिका होती. व्हाइटफील्ड रस्त्यालगतचे कारखाने आधी होते, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती नंतर आल्या. दिवसभर पडद्यावर काम करणाऱ्या माणसाला सुटीच्या दिवशी हाताला लोखंड लागावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. गावाकडच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी ट्रकवर घालून महादेवपुऱ्यातल्या सदनिकेच्या तळघरात आणावी आणि तिचे इंजिन स्वतःच्या हाताने नव्याने बांधावे, अशा एका माजी विद्यार्थ्याची येथे केवळ कल्पना करायची आहे. पुढचे सारे विवेचन त्याच्या कामाच्या अनुषंगाने आहे.

पद्मिनी बंगळुरात यावी, यात इतिहासाचा एक धागाही आहे. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचीच पद्मिनी ही आवृत्ती बाहेर पडली. बंगळूरचा विमानकारखाना महादेवपुऱ्यापासून काही किलोमीटरांवर आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाने तो विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरला. कॅटलिना जातीची जलविमाने बेळ्ळंदूर तलावात उतरत आणि दुरुस्तीसाठी या कारखान्यात येत. विमानाचे इंजिन ठरावीक तास चालले की पूर्ण उघडायचे, प्रत्येक भाग मोजायचा, झिजलेला बदलायचा आणि पुन्हा जुळवायचा, ही शिस्त या परिसराला मोटारींच्या कितीतरी आधी ठाऊक झाली होती. तळघरात पद्मिनीचे इंजिन उघडून बसलेला माणूस लहान प्रमाणावर तेच करीत असतो.

मोजणे इतके आवश्यक का, हे समजण्यासाठी १९०८ सालच्या इंग्लंडमधील एका प्रसंगाकडे वळावे लागेल. ब्रुकलँड्स येथे रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या करण्यात आल्या. तिन्हींचे भाग एकत्र मिसळले गेले, काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी कोठारातले नवे घातले गेले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी बांधल्या गेल्या. त्या ५०० मैल धावल्या. या कामगिरीबद्दल कंपनीला ड्यूअर चषक मिळाला. तोवर मोटारीचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी कानसेने घासून जुळवला जाई. एका गाडीचा पिस्टन दुसरीला बसेलच याची खात्री नसे. कॅडिलॅकने दाखवले की भाग पुरेशा अचूक मापाने घडवले तर जुळवणाऱ्याला ते घासावे लागत नाहीत. आजचा मोटारकारखाना याच तत्त्वावर चालतो.

घरी जुने इंजिन बांधणारा मात्र या सोयीला मुकलेला असतो. त्याच्या समोरचा ब्लॉक चाळीस वर्षे झिजलेला, क्रँक एकदा घासून घेतलेला, पिस्टन एका दुकानातले, बेअरिंगचे शेल दुसऱ्या दुकानातले. प्रत्येक भागाचा इतिहास वेगळा. कारखान्याने दिलेली हमी त्या इतिहासात कुठेतरी हरवलेली असते, आणि तिच्या जागी त्याला स्वतःचे मोजमाप ठेवावे लागते. महाराष्ट्रात याहून अवघड वाट चाललेला माणूस होऊन गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः रचली आणि काही दशकांच्या काळात तिचे एकामागून एक नमुने तयार केले. तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही. त्यांना झिजलेल्या भागांची अडचण नव्हती. पण ज्याच्याशी ताडून पाहावे असे छापील मापच पुढे नव्हते. पद्मिनी बांधणाऱ्याजवळ निदान कंपनीचे दुरुस्तीपुस्तक असते. ते मिळवल्याशिवाय त्याने इंजिन उघडूच नये.

आता साधनांविषयी. शाळेच्या प्रयोगशाळेत हाताळलेली व्हर्निअर पट्टी या कामाला अपुरी आहे. हल्ली अंक दाखवणारी पट्टी स्वस्तात मिळते आणि तिच्यावर शतांश मिलिमीटरही झळकतात. पण अंक दिसणे आणि अंक खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. दोन-तीन शतांशांची चूक तिच्याकडून सहज होते, आणि मोजायची जागाच चार-पाच शतांशांची असते. त्यामुळे बाहेरच्या मापासाठी मायक्रोमीटर, सिलिंडरच्या आतल्या मापासाठी डायलचा बोअर गेज, फटींसाठी फिलर गेज आणि ठरावीक जोराने नट आवळण्यासाठी टॉर्कचा पाना ही साधने विकत, उसनी किंवा भाड्याने, कशीही मिळवावी लागतात. यांत काटकसर करून महागडे पिस्टन घेणारे लोक असतात. तो व्यवहार उलटा आहे.

इंजिनाचा कणा म्हणजे क्रँक. या इंजिनात तो तीन मुख्य बेअरिंगांवर फिरतो आणि चार कनेक्टिंग रॉड त्याला धरून असतात. क्रँकचा गुळगुळीत दंड आणि बेअरिंगचे शेल यांच्यामधल्या जागेत तेल शिरते, आणि दंड त्या तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. जुना सर्वसाधारण ठोकताळा असा की दंडाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी जागा असावी. ५० मिलिमीटरच्या दंडाला ०.०५ मिलिमीटर. नेमका आकडा दुरुस्तीपुस्तकातलाच घ्यायचा. ठोकताळा फक्त आपण भलत्याच ठिकाणी तर नाही ना, हे ओळखण्यापुरता. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. शेलच्या पाठीमागे असा एक केस किंवा तेवढा कचऱ्याचा कण अडकला, तर तेलाची जागा त्या ठिकाणी संपलीच. म्हणून शेल बसवण्यापूर्वी त्याची पाठ आणि त्याची बैठक धूळरहित कोरड्या फडक्याने पुसणे हे मोजमापाचेच अंग मानले पाहिजे.

जागा जास्त झाली तर काय होते, हे तेलाच्या प्रवाहाच्या नियमावरून कळते. दाब तोच असेल तर फटीतून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.०५ ची जागा ०.१० झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. तेलपंप तेवढाच, मग पुढच्या बेअरिंगांच्या वाट्याला काय उरणार? एका दंडावरची सैल मोकळीक शेवटच्या रॉडचे बेअरिंग जाळू शकते ती अशी.

म्हणून दंड एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. त्याच्या दोन्ही टोकांजवळ, आणि प्रत्येक टोकाशी एकमेकांना काटकोनात, अशी निदान चार मापे घ्यावी लागतात. त्यावरून तो निमुळता झाला आहे की लंबगोल, हे उमगते. बेअरिंगचे आतले माप घ्यायचे ते टोप्या पूर्ण जोराने आवळून, कारण आवळल्यावर लोखंडाचाही आकार किंचित बदलतो. दोन मापांची वजाबाकी म्हणजे मोकळीक. तिसरी-चौथीतली वजाबाकी, पण दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावर चुकली तर इंजिनाचे दुखणे.

या वजाबाकीची पडताळणी करण्याचा एक सोपा मार्ग आहे. ‘प्लॅस्टिगेज’ या नावाने मिळणारा मेणासारखा बारीक धागा दंडावर त्याच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, टोपी बसवून ठरलेल्या जोराने आवळायची आणि पुन्हा काढायची. धागा दबून जितका रुंद पसरला असेल तितकी जागा कमी. पाकिटावरच्या छापील पट्टीशी रुंदी ताडून पाहायची. आधी तेल पुसून घ्यायचे, आणि टोपी आवळलेली असताना क्रँक मुळीच फिरवायचा नाही, एवढीच पथ्ये. धागा एका जागेपुरते सत्य सांगतो, लंबगोलपणा सांगत नाही; म्हणून मायक्रोमीटरला तो पर्याय होत नाही. मात्र क्रँक पाव मिलिमीटर घासून आणला आणि डब्यावर पाव मिलिमीटरचाच शिक्का असलेले शेल घेतले, तरी आत भलतेच माप निघू शकते, किंवा माल नकली असू शकतो. अशा वेळी दहा मिनिटांचा हा धागा हजारो रुपये वाचवतो. जे. सी. रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला डबा आणि कंपनीच्या माणसाने पोहोचवलेला डबा यांत या परीक्षेपुरता फरक करू नये.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली मोकळीक हा याहून नाजूक विषय आहे, कारण तेथे दोन भिन्न धातू समोरासमोर येतात. या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरांचे मिळून १०८९ घन सेंटिमीटर होतात, हा गुणाकार शाळेतल्या मुलालाही करून पाहता येईल. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दोन्हींचे तापमान १०० अंशांनी वाढले असे धरले, तर सिलिंडरचा व्यास साधारण ०.०७५ मिलिमीटरने वाढतो आणि पिस्टनचा सुमारे ०.१३५ ने. म्हणजे थंड असताना मोजलेल्या जागेतून सहा शतांश उष्णतेनेच गिळले. प्रत्यक्षात पिस्टनचा माथा त्याच्या अंगापेक्षा बराच जास्त तापतो. याच कारणाने पिस्टन पूर्ण गोल घडवत नाहीत. तो किंचित लंबगोल आणि माथ्याकडे किंचित निमुळता असतो. त्यामुळे त्याचा व्यास कुठेही मोजून चालत नाही. निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर आणि पिस्टनच्या पिनेला काटकोनात मोजला, तरच त्या आकड्याला अर्थ असतो. अन्यथा पाच शतांशांची मोकळीक कागदावर दिसते आणि इंजिन पहिल्याच चढावर आवळते.

येथे बंगळूरच्या हवेचाही हातभार लागतो. लांबीच्या मापनासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे प्रमाण तापमान मानले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात थंडीतली सकाळ त्या प्रमाणाच्या जवळ असते; नागपूरच्या मे महिन्यात हे भाग्य कुठले! तरीही काळजी घ्यावी लागते. उन्हात ठेवलेला पिस्टन ब्लॉकपेक्षा दहा अंशांनी जास्त तापलेला असला, तर त्याचा व्यास जवळजवळ दीड शतांशाने फुगलेला भरतो. चार शतांशांच्या जागेत दीड शतांशाची चूक म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर हे तिघेही आदल्या रात्रीपासून तळघरात एकत्र ठेवावेत आणि सकाळी गाडी-मोटारींची वर्दळ सुरू होण्यापूर्वी मोजावेत. पिस्टन हातात कुरवाळत बसू नये. हाताची ऊबही मापात उतरते.

पिस्टनवरच्या रिंगांची गोष्ट अशीच आहे. रिंग पूर्ण बंद वर्तुळ नसते. तिच्या दोन टोकांत फट असते. नव्या कारागिराला वाटते की ही फट जितकी कमी तितका दाब टिकेल. थोडा हिशेब केला की हा भ्रम दूर होतो. ६८ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा परिघ २१४ मिलिमीटर. चालताना ती १५० अंशांनी तापली असे समजू. तिची लांबी ०.३५ मिलिमीटरने वाढेल. सिलिंडर ७५ अंशांनी तापून थोडा मोठा होईल, म्हणजे रिंगेला ०.१८ मिलिमीटर परिघ जास्त मिळेल. उरलेली ०.१७ ते ०.१८ मिलिमीटरची वाढ फटीनेच सामावून घ्यायची. सर्वसाधारण ठोकताळा व्यासाच्या हजारी चार भागांचा, म्हणजे येथे ०.२७ मिलिमीटरचा; गरम झाल्यावर जेमतेम एक दशांश उरतो. कोणी हौसेने फट ०.१५ ठेवली, तर टोके एकमेकांना भिडतात, रिंगेला पसरायला जागा राहत नाही, ती सिलिंडराची भिंत खरवडते आणि पिस्टनची कड मोडते. फट चार शतांशांनी जास्त राहिली तर फारसे बिघडत नाही. चूक कोणत्या बाजूला स्वस्त पडते, हे ओळखणे हाच या विद्येतला शहाणपणा आहे.

ही फट मोजताना रिंग सिलिंडरात घालून उलट्या पिस्टनने खाली ढकलतात, म्हणजे ती तिरकी राहत नाही. मग फिलर गेज घालून पाहतात. सिलिंडर नव्याने रिबोअर केलेला नसेल, तर तो वरच्या भागात अधिक झिजलेला असतो. वर मोजलेली फट खाली कमी भरते. म्हणून मोजमाप झीज कमी असलेल्या खालच्या भागातही घ्यावे आणि लहान आकडा खरा मानावा.

क्रँकची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक डायल गेजने आणि पेचकसाच्या हलक्या ढकलण्याने पाच मिनिटांत मोजता येते. तेथे विसरू नये असे एकच: क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो, आणि तो भार झेलणाऱ्या अर्धचंद्राकृती चकत्यांची मऊ बाजू क्रँककडे असली पाहिजे. उलट बसवलेली चकती मापात बरोबर भरते आणि काही दिवसांत नाहीशी होते. मोजमापाच्या मर्यादा कुठे संपतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शेवटी व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा यांच्यातले अंतर. मूळच्या इंजिनात ते निर्मात्याने पाहिलेले असते. पण ॲल्युमिनियमचे हेड कधीतरी तापून वाकलेले असते आणि लेथवाल्याने ते घासून सपाट केलेले असते. जितके घासले तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले. किती घासले, याची नोंद जुन्या गाडीसोबत येत नाही. तेव्हा हस्तकलेच्या तासाला मुले वापरतात ती रंगीत मऊ माती घ्यावी, तिचा जाडसर थर तेल लावलेल्या पिस्टनच्या माथ्यावर दाबावा, वापरून दबलेल्या जुन्या गॅस्केटसह हेड आवळावे, टॅपेट लावावेत आणि क्रँक हाताने, सावकाश, चालण्याच्या दिशेने पूर्ण दोन वेढे फिरवावा. दोन वेढे यासाठी की चार धावांचे चक्र तेव्हाच पूर्ण होते. मध्ये कुठेही अडले तर जोर करू नये. थांबून कारण शोधावे. मग हेड उतरवून माती ब्लेडने कापावी आणि सर्वांत पातळ जागी तिची जाडी मोजावी. येथे मात्र शाळेतली व्हर्निअर पट्टी पुरते, कारण हिशेब मिलिमीटरांत आहे: आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपाशी सुमारे दोन आणि बाहेर टाकणाऱ्यापाशी सुमारे अडीच मिलिमीटर राखण्याचा प्रघात आहे. बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह अधिक तापतो आणि वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करीत असतो, म्हणून त्याला अर्धा मिलिमीटर अधिक. नवल असे की हे दोघे सर्वांत जवळ येतात ते पिस्टन अगदी माथ्यावर असताना नव्हे, तर त्याच्या दहा-एक अंश आधी किंवा नंतर. पिस्टन वर नेऊन केवळ तेथेच तपासणारा माणूस त्यामुळे फसतो.

प्रत्येक माप घेतल्याक्षणी वहीत लिहावे: तारीख, तापमान, सिलिंडराचा क्रमांक, दोनदा घेतलेले माप आणि दुरुस्तीपुस्तकातली मर्यादा. दोन वेळच्या मापांत एका शतांशाहून अधिक फरक पडला, तर त्या दिवशी मोजणे थांबवावे. कारखान्यात एक माणूस बांधतो आणि दुसरा तपासतो. तळघरात दोघे एकच असतात, आणि रात्री नऊला दमलेल्या बांधणाऱ्याला खूश करण्याकडे तपासणाऱ्याचा कल असतो. वहीतला सकाळचा आकडा त्या दोघांना वेगळे ठेवतो. पद्मिनी बांधणाऱ्या त्या माजी विद्यार्थ्याने शक्य तर शेजारच्या कोणाला, अगदी दहावीतल्या मुलीलाही, मायक्रोमीटर धरायला शिकवावे आणि आपला आकडा न सांगता तिच्याकडून तेच माप घ्यावे.

सर्व मापे मर्यादेत भरली की इंजिन जुळवावे, पण लगेच चालू करू नये. स्पार्क प्लग काढून, प्रज्वलन बंद ठेवून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे, म्हणजे इतक्या कष्टाने राखलेल्या जागा कोरड्या असताना भार घेणार नाहीत. मग प्लग बसवावेत. पहिले काही शे किलोमीटर चालवून झाल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, हेडचे नट दुरुस्तीपुस्तकातल्या क्रमाने पुन्हा आवळावेत. त्यामुळे गॅस्केट किंचित दबते आणि टॅपेटची मोकळीक बदलते, म्हणून आठही टॅपेट पुन्हा फिलर गेजने तपासून ते आकडे वहीच्या त्याच पानावर, जुन्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावेत.